तिसऱ्यांदा विचारलं तर

नॉर्डबीत कुणाकडे गेलात आणि घरच्या बाईनं "कॉफी घेणार?" असं विचारलं, तर नको म्हणायचं. ती पुन्हा विचारते. तेव्हाही नकोच म्हणायचं, पण आवाज जरा मऊ करायचा. मग ती उठून पाणी ठेवते आणि पाठमोरी असतानाच तिसऱ्यांदा विचारते. आता म्हणायचं, "बरं, त्रास नसेल तर अर्धा कप." त्यानंतर तीन कप प्यालात आणि लिंबाच्या चार वड्या हाणल्यात तरी कुणी नावं ठेवत नाही. आमचे पूर्वज नॉर्वेहून मिनेसोटाच्या या वरच्या कोपऱ्यात आले तेव्हा त्यांच्या पेटाऱ्यात काय काय होतं देव जाणे, ही रीत मात्र नक्की होती. पहिल्या खेपेला हो म्हणणारा आमच्याकडे अधाशी ठरतो आणि एकदाच विचारून थांबणारी चिकट. हे कुणी कुणाला शिकवत नाही, पोरं पाहून पाहून उचलतात. ही रीत पाळून आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

आर्डिस लोकनलाही या रीतीचं वावडं नव्हतं. तशी ती जिभेची तिखट. चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीत कुणाचे मीटबॉल कच्चे राहिले, कुणी विकतचा ॲपल पाय आणून घरचा म्हणून मांडला, हे मोठ्यानं सांगण्याचं काम गावानं तिच्यावरच सोपवलं होतं. पण कॉफीला तीही दोनदा नको म्हणायची. म्हणूनच त्या दिवशी मिनिआपोलिसच्या इस्पितळात, बहिणीशेजारच्या खुर्चीवर ती तोंड मिटून बसली. पुढे त्या गप्प बसण्यावरून तिनं स्वतःला काय काय म्हणून घेतलं, त्याला सुमार नाही.

बहीण म्हणजे मार्लिस. आर्डिसपेक्षा मोठी, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली, गावातल्या निम्म्या लोकांना तिनं लहानपणी वाढलेलं. तिच्या अंडाशयात कॅन्सर निघाला तेव्हा तो पोटभर पसरलेला होता, कारण वर्षभर पोट फुगत असताना कुणी विचारलं की ती म्हणायची, "फार काही नाही, जरा गॅस." ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, केस आले, आजार परत आला. पुन्हा केमो, पुन्हा जरा बरं, आणि या खेपेला तो नेहमीच्या औषधाला बधेना. गावाकडच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि तिला मिनिआपोलिसला धाडलं. तिथं अशाच बायकांसाठी, ज्यांच्यावर जुनं औषध चालत नाही त्यांच्यासाठी, एका नव्या औषधाची चाचणी चालू होती.

खोलीत त्यांच्यासमोर दोघी होत्या, डॉक्टरबाई आणि चाचणीचं काम बघणारी नर्स रेनाटा. रेनाटा टेक्सासकडची, गोल चेहऱ्याची, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी. डॉक्टरबाईंनी सगळं नीट फोड करून सांगितलं. हे औषध गाठीच्या पेशीला शोधून चिकटतं. काही बायकांच्या गाठी लहान झाल्या आहेत, काहींच्या नाहीत. डोळ्यांना त्रास होतो, थकवा येतो. वाटेल तेव्हा सोडून जाता येतं.

"उपयोग होईलच असं वचन मी देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमचे रिपोर्ट या चाचणीत बसण्यासारखे आहेत आणि या गटात एक जागा उरली आहे. तुम्हाला यायला आवडेल का?"

मार्लिसनं मांडीवरची पर्स सरळ केली. "अहो, माझ्यासारख्या म्हातारीवर कशाला वाया घालवता? एखाद्या लेकुरवाळीला द्या."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. रेनाटा जरा पुढं झुकली. "आत्ताच ठरवायला पाहिजे असं नाही. हे कागद घरी न्या, वाचा, मग सांगा."

"एवढे जाडजूड कागद? नको हो, तुम्हालाच लागतील," मार्लिस म्हणाली आणि हसली. आवाज मऊ झाला होता.

तो मऊपणा आर्डिसला पाठ होता. तिनं मनातल्या मनात पाणीसुद्धा ठेवलं. आता तिसरी खेप, आता हो.

रेनाटानं फाइल मिटली. "ठीक आहे. तुमचा निर्णय आम्हाला मान्य आहे. याचा तुमच्या पुढच्या उपचारांवर काहीही परिणाम होणार नाही, ती भीती मनातून काढून टाका." तिनं मार्लिसच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात खरंच मायेचा होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सावकाश जा, रस्त्यावर बर्फ आहे."

मार्लिस उठली. कोटाची बटणं तिनं एकेक करून लावली, मग वरचं चुकलं म्हणून काढलं आणि पुन्हा लावलं. दाराशी जाऊन वळली. "छान आहे हो तुमची खोली. उजेड किती येतो." रेनाटा म्हणाली, हो ना, दुपारी तर फारच. आर्डिसच्या ओठांवर आलं होतं की अगं बये, विचार की तिला अजून एकदा. पण दुसऱ्याच्या वतीनं मागायचं म्हणजे त्याला भिकारी करायचं, असं तिच्या आईनं तिच्या डोक्यात ठोकून भरलं होतं. ती दार धरून उभी राहिली आणि मार्लिस बाहेर आली.

गाडी हायवेला लागली. मग मार्लिस खिडकीकडे बघत म्हणाली, "त्यांना मी नकोच होते बहुतेक. रिपोर्ट बघूनच कळलं असेल त्यांना. उगाच रीत म्हणून विचारलं."

"तू नाही म्हणालीस, मार्लिस."

"दोनदाच तर म्हटलं."

आर्डिसनं गाडी जरा हळू केली. डोळ्यांत पाणी आलं आणि ट्रकवाला मागून हॉर्न वाजवायला लागला. "मी गाडी वळवू का? आत्ता परत जाऊ. मी सांगते त्यांना."

"काही वळवायची नाही. ताटावर बसून माणूस वाढा वाढा करतं का? त्यांना द्यायचं असतं तर त्यांनी विचारलं असतं."

"त्या टेक्सासच्या बाईला काय ठाऊक आपलं?"

"तिला माणसाचं तोंड वाचता येत नाही का? सांगून ठेवते तुला, आर्डिस, तू त्यांना फोन केलास ना, तर माझ्या घरची पायरी चढू नकोस."

वाटेत त्या एका ठिकाणी सूप प्यायला थांबल्या. वाढणाऱ्या पोरीनं विचारलं, पाव आणू का? मार्लिस म्हणाली नको, आणि पोरगी निघून गेली. मार्लिस बराच वेळ त्या पोरीच्या पाठीकडे बघत होती. सूप तिनं अर्धं तसंच टाकलं.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. नुसती भिकेची असती तरी चाललं असतं.

घरी आल्यावर मार्लिसचं पोट पुन्हा भरायला लागलं. गावाकडच्या इस्पितळात सुई घालून पाणी काढायचे, दोन दिवस ती माणसात यायची, मग पुन्हा स्कर्टचा हूक लागेनासा व्हायचा. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की येत्या सोमवारपासून दर आठवड्याची एक हलकी केमो सुरू करू. बरं करणारी नव्हे, जरा सुसह्य करणारी. आर्डिसनं बाहेर गाठून त्यांना एकच विचारलं, ही सुरू केली तर ती शहरातली चाचणी? डॉक्टर म्हणाले, मग नाही. अंगात दुसरं औषध असलं की ते घेत नाहीत. ते औषध उतरेपर्यंत थांबावं लागतं, आणि एवढं थांबायला... वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, नर्सला हाक मारली.

आर्डिस गाडीत बसून रडली. तिला बहीण पाहिजे होती. यात काही थोर नव्हतं. मार्लिस गेली तर आपण रोज कुणाशी भांडायचं, हेच तिच्या मनात येत होतं. आईही अशीच गेली होती, पोटातलं दुखणं पोटात ठेवून, "फार काही नाही" म्हणत म्हणत. गावानं मयताला केवढं कौतुक केलं होतं, की शेवटपर्यंत तक्रारीचा शब्द नाही. आर्डिसला आता त्या कौतुकाचाच संताप आला.

तिनं तिथूनच, बहिणीनं घातलेली आण मोडून, रेनाटाला फोन लावला.

"मी कुठल्याही पेशंटबद्दल तुमच्याशी बोलू शकत नाही," रेनाटा म्हणाली. "पण तुम्ही बोललात तर ऐकू शकते."

आर्डिसनं सगळं सांगितलं. कॉफी, पाणी, पाठ वळवून तिसऱ्यांदा विचारणं. सांगता सांगता तिचं तिलाच ते इतकं खुळचट वाटायला लागलं की ती मधेच थांबली. "तुम्हाला वाटेल मी थट्टा करतेय."

"नाही. विश्वास ठेवते मी."

"मग एकदा फोन करा तिला. एकदाच विचारा. ती हो म्हणेल, मी लिहून देते."

"तेच मला करता येत नाही, आर्डिस." रेनाटाचा आवाज खाली आला. "एकेकाळी आमच्या लोकांनी बायकांना न विचारता त्यांच्यावर प्रयोग केले. नाही म्हणत असलेल्यांना पुन्हा पुन्हा विचारून थकवलं, आणि थकून मान हलवली त्याला होकार म्हटलं. म्हणून हा नियम आला. आजारी माणूस नाही म्हणालं की विषय संपला. पुन्हा विचारायचं नाही. त्यांनी स्वतःहून फोन केला तर गोष्ट वेगळी."

"पण तिचं नाही म्हणजे नाही नव्हतं."

"मग एक सांगा. तुमच्याकडे नाही म्हणजे नाही नसेल, तर उद्या मी आग्रह केल्यावर त्या हो म्हणाल्या, तर तो होकार खरा, की माझं मन मोडू नये म्हणून दिलेला? हे मी कशावरून ओळखू?"

रेनाटाचं बरोबर होतं, हे आर्डिसला कळत होतं.

"ती जागा आहे का अजून?" तिनं विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही," रेनाटा म्हणाली. मग जरा थांबून, "पण त्यांना फोन करायचा असेल तर लवकर करू दे."

आर्डिस तडक मार्लिसच्या घरी गेली. मार्लिस आत पडली होती. तिचा नवरा ऑरिन गॅरेजमध्ये काहीतरी घासत बसला होता. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती आणि निवृत्त झाल्यावर दुरुस्त करायला काही उरलं नाही म्हणून तो चांगल्या वस्तू उघडून पुन्हा जोडायचा. बसगाड्यांशी बोलावं लागत नाही, त्यामुळे न बोलण्यावाचून त्याचं कधी काही अडलं नव्हतं.

"ऑरिन, तू विचार तिला," आर्डिस म्हणाली.

"ती नको म्हणाली ना?"

"दोनदा."

तो घासतच राहिला. "मग तिची मर्जी. मी कोण मधे पडणारा?"

"तू कोण?" आर्डिसचा आवाज चढला आणि तिनं तो दाराकडे बघून खाली घेतला. "जत्रेत तू तिला लग्नाचं विचारलंस, ती नाही म्हणाली. नाताळात विचारलंस, नाही म्हणाली. मग तू अख्खा हिवाळा तोंड लपवून बसलास, आणि ती वरच्या खोलीत उशीत तोंड खुपसून रडायची. मी त्याच खोलीत झोपायचे, मला सांगू नकोस. शेवटी आईनं तुला बोलावून घेतलं. काय म्हणाली होती ती?"

ऑरिनचे हात थांबले. "म्हणाली, ऑरिन, तुला मोजता येत नाही का?"

"मग? येतं का?"

त्यानं हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले, परत पुसले. "आर्डिस, मी विचारलं आणि ती चाचणीत गेली, आणि त्या औषधानं तिचे हाल झाले तर? मीच ढकलल्यासारखं होईल."

"आणि न विचारल्यावर काय होईल, ते बघतोयस ना तू रोज?"

तो उठला. गॅरेजपासून स्वयंपाकघरापर्यंत तो असा गेला की आर्डिसला वाटलं, हा वाटेतच बसेल.

मार्लिस स्वयंपाकघरात येऊन बसली होती, पोटाला उशी लावून. समोर बटाटे होते, सोलायला घेतलेले आणि तसेच टाकलेले. ऑरिन तिच्यासमोर बसला नाही, उभाच राहिला. "मार्लिस. त्या चाचणीत जातेस का?"

"तू विचारून काय होणार? तू काय औषध देणार आहेस?"

"मी विचारतोय."

तिनं आर्डिसकडे पाहिलं. आर्डिसनं खिडकीबाहेर पाहिलं. मग मार्लिसचा चेहरा असा मोडला, जसा आर्डिसनं तो लहानपणापासून कधी पाहिला नव्हता.

"मला जगायचंय, ऑरिन," ती म्हणाली. "फार जगायचंय मला. सांगायला लाज वाटते. इतकी माणसं माझ्याहून तरुण गेली, त्यांनी काही मागितलं नाही, आणि मी अजून हावरटासारखी... मला उन्हाळा बघायचाय. पुढचा नाही नुसता, त्याच्या पुढचापण."

ऑरिननं तिच्या डोक्यावर हात ठेवला. पुन्हा उगवलेल्या त्या मऊ केसांवर तो हात नुसता ठेवून राहिला. आर्डिसनं नंबर लावून फोन तिच्यापुढे धरला.

मार्लिसनं सुरुवात हवेपासून केली. तिकडे बर्फ किती पडलं, इकडे किती पडलं. रेनाटाच्या तब्येतीची चौकशी केली. आर्डिस समोरून हात हलवत होती, अगं मुद्द्यावर ये. "ते तुमचं... ती जागा म्हणत होतात ना," मार्लिस शेवटी म्हणाली, "कुणाला लागत नसेल, तशीच पडून असेल, तर..."

फोनचा आवाज मोठा केलेला होता. "मार्लिस," रेनाटा म्हणाली, "मला सरळ सांगा. तुम्हाला चाचणीत यायचंय का?"

मार्लिसनं डोळे मिटले. "हो."

पलीकडून श्वास ऐकू आला. "तुम्ही फोन केलात ते फार बरं केलंत. पण काल सकाळी एका बाईंनी त्या जागेसाठी सही केली. त्यांच्या तपासण्या चालू आहेत. रक्त, डोळे, स्कॅन. त्या तपासणीत बसल्या नाहीत तर पुढचं नाव तुमचं, ते मी आत्ताच घालते. शुक्रवारी कळेल. तोवर दुसरं काही औषध सुरू करू नका."

काल सकाळी. काल सकाळी आर्डिस आपल्या घरी बेसिन घासत होती आणि मार्लिसनं घातलेली आण पाळत होती. बैल गेला नि झोपा केला, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि मग, नाही, अजून गेला नाही, शुक्रवार आहे.

ते दिवस कसे गेले ते विचारू नका. पाणी काढायचं तर गावच्या इस्पितळात जावं लागे, आणि तिथली नर्स दर वेळी सांगे की सोमवारी केमो आहे हं, विसरू नका. मार्लिस म्हणे, बघू. तिला जेवण जाईना. आर्डिस बटाट्याच्या पातळ पोळ्या, लेफ्से, लोणी-साखर लावून गुंडाळून आणायची, त्यातला एक घास खाऊन मार्लिस म्हणायची छान झालीय, आणि बाकीचं ऑरिन खायचा.

बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थना होती. पाद्रीबाईंनी आजाऱ्यांची नावं वाचली, मार्लिसचंही वाचलं. आर्डिस मान खाली घालून बसली आणि तिनं देवाला जे मागितलं ते नॉर्डबीच्या त्या देवळात याआधी कुणी मागितलं नसेल. देवा, त्या बाईच्या रक्तात काहीतरी खोट निघू दे, ती म्हणाली. डोळ्यांत निघू दे, कुठंही निघू दे. तिला मारू नकोस, तिला दुसरं काहीतरी मिळू दे, पण ही जागा माझ्या बहिणीला दे. तिला वाटलं होतं आपल्याला लाज वाटेल. वाटली नाही. खाली तळघरात कॉफी होती. कुणीतरी कप पुढे केला, आणि आर्डिसनं सवयीनं नको म्हटलं. दुसऱ्यांदा विचारायच्या आत ती कोट घालून बाहेर पडली.

गुरुवारी मार्लिस पलंगावर पडून छताकडे बघत म्हणाली, "ती बाई कशी असेल गं?"

"कोण बाई?"

"जिनं सही केली ती. लेकुरवाळी असेल का?"

"मला काय ठाऊक?"

"मीच म्हटलं होतं ना, एखाद्या लेकुरवाळीला द्या म्हणून." तिनं पांघरूण वर ओढलं. "तेव्हा मला वाटलं होतं, असं म्हणायचं असतं. कुणी खरंच देईल, असं कुठं वाटलं होतं."

आर्डिस म्हणाली, "तू तिचा विचार करू नकोस."

"मी तिचाच विचार करते. रात्रंदिवस. तिचं काही बिनसावं म्हणून वाट बघते मी, आर्डिस. अशी कधी नव्हते गं मी."

"मीपण बघते," आर्डिस म्हणाली. मग दोघी हात धरून पडून राहिल्या. एकमेकींचे हात धरायची त्या घरात सवय नव्हती, त्यामुळे ते धरलेले हात कुठं ठेवायचे हे दोघींना कळेना.

शुक्रवारी दुपारी फोन आला तेव्हा ऑरिन बर्फ उपसायला बाहेर गेला होता. खरं म्हणजे उपसण्याजोगं बर्फ नव्हतं. तो नुसता फावडं घेऊन उभा होता. फोन मार्लिसनं स्वतः उचलला आणि मधे टेबलावर ठेवला.

"मार्लिस, मी तुम्हाला ताटकळत ठेवणार नाही," रेनाटा म्हणाली. "त्या बाई सगळ्या तपासण्यांत बसल्या. जागा भरली."

मार्लिस म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "त्यांच्यासाठी बरं झालं." नॉर्डबीत दुसरं काही म्हणायची पद्धतच नाही. पण तिचा हात टेबलाची कड चाचपत होता, जणू टेबल कुठं संपतं तेच तिला कळत नव्हतं.

"मी दुसरीकडे कुठं अशी चाचणी चालू आहे का, ते शोधतेय. सापडली तर कळवेन. पण तुमची तब्येत बघता मी खोटी आशा लावणार नाही. सोमवारची केमो तुम्ही सुरू करा. तिनं थोडं हलकं वाटेल." रेनाटा थांबली. तिचा आवाज आता सांभाळलेला राहिला नव्हता. "त्या दिवशी मी फाइल मिटायला नको होती, असं मला रोज वाटतं. आणि पुन्हा तशीच वेळ आली तर मला ती मिटावीच लागेल, हेही मला ठाऊक आहे."

"तुमची काही चूक नाही हो," मार्लिस म्हणाली. "तुम्ही नीट विचारलं होतंत."

आर्डिसला किंचाळावंसं वाटलं. तिनं एप्रनचा कोपरा पिळला.

"अजून एक गोष्ट आहे," रेनाटा म्हणाली. "ही वेगळी आहे, आणि यात तुमचा स्वतःचा काहीही फायदा नाही, हे मी आधीच सांगते. आम्ही या आजाराच्या बायकांचं रक्त आणि पोटातून काढलेलं पाणी साठवून ठेवतो, पुढच्या अभ्यासासाठी. कदाचित काही वर्षांनी, दुसऱ्या कुणाला तरी, त्यातून..."

"हो," मार्लिस म्हणाली.

"मी अजून विचारलंही नाही."

"तरी हो. घ्या. नाहीतरी ते ओतूनच देतात."

"कागद पाठवते. शांतपणे वाचा, आणि नको वाटलं तर..."

"रेनाटा," मार्लिस म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिनं त्या बाईचं नाव घेतलं, "मला नको वाटणार नाही."

फोन ठेवल्यावर आर्डिसचा बांध फुटला. "तुझं पाणी नेऊन ते काय करणार आहेत? तुला काय मिळणार त्यातून? ज्यात तुझा जीव वाचला असता तिथं नाही म्हणालीस, आणि इथं, इथं एका दमात हो?"

"तिनं विचारलं ना," मार्लिस म्हणाली. तिला बोलायला दम लागत होता. "आता कुणी विचारलं की मी हो म्हणणार. पुन्हा विचारायला कोण येतंय?"

बाहेर ऑरिननं फावडं भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला. तो आत येईल, दाराशी उभा राहील, आणि त्याला सांगावं लागेल. कुणी सांगायचं, हे दोघींनी एकमेकींकडे न बघताच ठरवलं, की आर्डिसनं. तोवर काय करायचं ते आर्डिसला सुचेना. हाताला काहीतरी काम पाहिजे होतं, तोंडाला काहीतरी बोलणं. ती उठली, ओट्याकडे तोंड करून पाठमोरी उभी राहिली आणि जन्मभर विचारत आली तेच विचारलं.

"कॉफी घेणार?"

"हो," मार्लिस म्हणाली.

आर्डिस तशीच उभी राहिली. तिनं अजून पाणीही ठेवलं नव्हतं.